पेसिंगवर काम करायचंय, मग गणित सोडावं का?

ऐरोलीच्या एका आईने लिहिलंय: "मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिच्या मावशीला पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन आहे. पेसमेकरने हृदयाची उजवी बाजू सावरता येईल का, यावर तिला काम करायचंय. नीटसाठी गणित सोडते म्हणते. सोडू द्यावं का?"

ताई, गणित मुळीच सोडू देऊ नका. तिने धरलेला प्रश्न निम्मा गणिताचाच आहे.

या आजारात फुप्फुसाच्या धमन्या अरुंद होतात, त्यांतला सरासरी दाब 20 मिमी पाऱ्याच्या वर जातो. हृदयाचा खालचा उजवा कप्पा आधी जाड होतो, मग फुगतो आणि त्याचं आकुंचन लांबतं. डावा कप्पा सैल होऊन भरू लागला तरी उजवा अजून दाबतच असतो. मधला पडदा डावीकडे सरकतो, डावा कप्पा अर्धवट भरतो. उजव्याच्या बाहेरच्या भिंतीला थोडं आधी पेस केलं, म्हणजे पेसमेकरने विजेचा हलका झटका देऊन आकुंचन सुरू केलं, तर दोघं एकाच वेळी सैल होतील, अशी ही कल्पना. प्राण्यांवर आणि मोजक्या रुग्णांवर ती तपासली गेली आहे. नेहमीचा उपचार अजून नाही. मावशींची औषधं हाच आज आधार, हे मुलीला नीट समजावा.

अडचणीही खऱ्या आहेत. पेसमेकरची तार उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या ट्रायकस्पिड झडपेतून जाते, त्यामुळे झडपेची गळती वाढू शकते. उजव्या कप्प्याच्या टोकाला सतत पेसिंग केल्याने काहींचा डावा कप्पा कमजोर होतो. म्हणजे तार कुठे टेकवायची, किती मिलिसेकंद आधी, यावरच सगळं अवलंबून.

हे "कुठे, किती आधी" तिला खुणावत असेल तर मी बायोमेडिकल इंजिनिअरिंग सुचवेन: सीईटीचा पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गट, 4 वर्षं, मग गेटमधून एमटेक. पवईची आयआयटी तुम्हाला खाडीपूल ओलांडला की जवळच. रुग्ण हाताळायची ओढ असेल तर नीट. एमबीबीएस, एमडी, डीएम कार्डिऑलॉजी मिळून साडेअकरा वर्षं, तीही मध्ये एकही वर्ष वाया गेलं नाही तर. जीवशास्त्र आणि गणित दोन्ही ठेवलं की दोन्ही दारं उघडी राहतात. अभ्यास वाढेल, हे खरं.

दिवाळीच्या सुट्टीत तिला ईसीजीच्या कागदावर बसवा. नेहमीच्या वेगाला लहान चौकोन 40 मिलिसेकंदांचा, मोठा 200 चा. क्यूआरएसची, म्हणजे खालचे कप्पे आकुंचन पावताना उमटणाऱ्या टोकदार लाटेची, रुंदी मोजू दे. 3 लहान चौकोन भरले की ती रुंद समजतात. मोजताना रमली की कंटाळली, ते मला कळवा.