‘विमेन ऑफ कलर’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा : कॅरी मे वीम्स या अमेरिकन छायाचित्रकर्तीवर लेख लिहिते आहे. ‘विमेन ऑफ कलर’ला मराठीत काय म्हणू? ‘रंगीत स्त्रिया’ विचित्र वाटतं. एकाने ‘सवर्ण स्त्रिया’ सुचवलं. आणि व्यक्तिचित्रणात तिला आपल्या कामाचा ‘हेतू’ सापडला म्हणावं की ‘प्रयोजन’?

‘सवर्ण’ सुचवणाऱ्याला कोपरापासून नमस्कार. महाराष्ट्रात राहून हा शब्द कुणासाठी वापरतात ते कानावर पडलं नाही का? तिकडे ज्यांना वर्णभेदाने खालच्या पायरीवर ढकललं, त्यांना आपण मराठीत थेट वरच्या पायरीवर बसवणार! आणि रंगीत टीव्ही असतो, फार तर तालीम असते.

वर्तमानपत्रं सरसकट ‘कृष्णवर्णीय’ ठोकून देतात, ती निराळी डोकेदुखी. जपानी वंशाची, मेक्सिकन, मूळ अमेरिकन, सगळ्याच कृष्णवर्णीय? अमेरिकन कार्यकर्त्या लॉरेटा रॉस सांगतात त्याप्रमाणे, १९७७ साली ह्यूस्टनला राष्ट्रीय महिला परिषद भरली तेव्हा कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मागण्यांच्या मसुद्यात इतर अल्पसंख्य गटांतल्या स्त्रियाही सामील झाल्या आणि सगळ्यांचं मिळून हे नाव ठरलं. त्यात कातडीपेक्षा एकजूट जास्त आहे. म्हणून ‘गौरेतर स्त्रिया’ लिहा. ‘इतर’ लावलं की गोरेच मध्यभागी राहतात, असं काही अभ्यासक नाक मुरडून सांगतात. मुरडोत. ‘ब्राह्मणेतर’ या नावाखाली मराठी मुलखात अख्खी चळवळ उभी राहिली, तेव्हा ‘इतर’ने कुणाचं काही अडलं नाही.

पण ‘सवर्ण’ला इतक्यात सोडवत नाही. यातला ‘स’ हा ‘सह’चा नाहीच, ‘समान’चा आहे. शाळेतली सवर्णदीर्घ संधी आठवा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (१०.१७) देव सरण्यूला लपवतात आणि तिच्याच रूपाची ‘सवर्णा’ घडवून तिच्या नवऱ्याला, विवस्वानाला म्हणजे सूर्याला, देतात. पुराणांत तीच छाया झाली. सूर्याचं तेज सोसेना म्हणून संज्ञा (सरण्यूचं पुराणांतलं नाव) निघून गेली आणि आपल्या जागी छायेला ठेवून गेली. या सवर्णेचा मुलगा सावर्णि मनू. नवरात्रात सप्तशतीचा पाठ होतो त्या घरात ‘सावर्णिः सूर्यतनयो’ सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्याच्या आईची चौकशी कुणी करत नाही.

आता गंमत बघा. संस्कृतात ‘छाया’ म्हणजे नुसती सावली नाही. प्रतिबिंब, कांती, चेहऱ्याचा वर्ण हेही तिचेच अर्थ. सूर्यासमोर उभी केलेली हुबेहूब स्त्री, एक नाव छाया, दुसरं सवर्णा! माझ्या मते जगातलं पहिलं व्यक्तिचित्र हेच. ‘फोटोग्राफी म्हणजे प्रकाशलेखन, सबब प्रकाशचित्र म्हणा, छायाचित्र चूक’ असं बजावणारे शुद्धिवादी कोशातल्या पहिल्याच अर्थावर बोट ठेवून कोश मिटतात. छायाचित्र म्हणजे कांतीचं चित्र, आणि ते मूळ माणसाशी सवर्ण उतरलं का, एवढीच त्याची परीक्षा.

अमेरिकेत गाडं नेमकं इथेच अडलं होतं. रंग जुळवण्यासाठी कोडॅक ही फिल्म बनवणारी कंपनी फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना एक नमुना-छायाचित्र पाठवत असे. त्यावर गोरी बाई, तिला म्हणत ‘शर्ली’. शर्लीची कांती नीट उतरली की काम चोख. मग वर्गाच्या फोटोत गोऱ्या मुलांशेजारी बसलेल्या काळ्या मुलीचे डोळे आणि दात तेवढे दिसत. नाना वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेलं कार्ड यायला १९९०चं दशक उजाडलं.

वीम्स यांची ‘कलर्ड पीपल’ ही मालिका १९८९-९०ची. कृष्णवर्णीय मुलामुलींची कृष्णधवल व्यक्तिचित्रं, त्यांवर पिवळा, निळा, किरमिजी रंग चढवलेला, आणि खाली त्यांच्याच समाजात कातडीच्या छटांना दिलेली नावं : ‘गोल्डन येला गर्ल’, ‘ब्लू ब्लॅक बॉय’. लेखात यांचं भाषांतर करणारच असाल, तर कृपा करून ‘निळाकाळा मुलगा’ लिहू नका. ही शिडी आपल्याकडेही आहे, स्थळांच्या जाहिरातींत रोज छापून येते : गोरी, निमगोरी, गव्हाळ, फार झालं तर सावळी. त्याखालची पायरी कुणी छापत नाही. वीम्स यांनी ती छापली, तीही मुलांच्या चेहऱ्याखाली, म्हणून शब्द तोलून हवा. ‘काळाकुट्ट’मध्ये हेटाळणी आहे. ‘काळाभोर’ घ्या. भोर आपण केसांना लावतो, डोळ्यांना लावतो, कौतुकानेच लावतो.

राहिला दुसरा प्रश्न. प्रयोजन. ‘हेतू’ मनात राहू शकतो, पण प्रयोजनातला ‘युज्’ म्हणजे जुंपणं. वाढदिवसाला भेट मिळालेला पहिला कॅमेरा वीम्स यांनी कलेच्या आधी कामगार संघटनेच्या कामालाच जुंपला होता.