बजरीगरच्या जोडीतील भांडण

प्रश्न : आमच्या बजरीगरच्या (छोट्या पाळीव पोपटांच्या) पिंजऱ्यात घरट्यासाठी मडके टांगल्यापासून मादी नराला दाण्याजवळ येऊ देत नाही. काल तिने त्याच्या पायाच्या बोटाला चावून रक्त काढले. काय करावे?

उत्तर : आजच दोघांना वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवा आणि नराची जखम पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना दाखवा, कारण इतक्या लहान जिवाला थोडासा रक्तस्रावही धोक्याचा ठरू शकतो.

मादीला कृपया दोष देऊ नका. बजरीगर हा मूळचा ऑस्ट्रेलियातील, झाडाच्या ढोलीत अंडी घालणारा पक्षी असल्यामुळे, ढोलीसारखी जागा दिसताच मादीमध्ये प्रजननाची ऊर्मी जागी होते आणि ती जागा राखण्यासाठी ती प्रसंगी जोडीदारावरही धावून जाते. मोकळ्या रानात दुबळा पक्षी उडून जातो. पिंजऱ्यात त्याला पळायला जागाच नसते. म्हणून मडके काढून टाका, पिंजऱ्यावर रात्री दहा-बारा तास अंधार राहील असे पाहा.

नाकपुड्यांभोवतीचा भागही नीट पाहून घ्या. प्रौढ नराचा तो बहुधा निळा, तर मादीचा पांढरट किंवा तपकिरी असतो. कधीकधी दोन माद्याही जोडी म्हणून विकल्या जातात, आणि मडक्यासाठी त्यांचे भांडण फार विकोपाला जाते.

जखम भरल्यावर पिंजरे काही दिवस शेजारी ठेवा. नंतर दोघांना मोठ्या, दोघांनाही नव्या असलेल्या पिंजऱ्यात, दाण्यापाण्याची दोन-दोन भांडी दूरदूर ठेवून, तुमच्या देखरेखीखाली सोडा. मादी पुन्हा पाठलाग करू लागली, तर त्यांना कायमचे शेजारी पिंजऱ्यांत ठेवावे.