कोरोनाच्या महामारीचा मोठ्या माणसांच्या मनावर आणि समाजजीवनावर सर्व देशांत सारखाच परिणाम झाला का?

मी डॉक्टर नाही. बेळगावच्या वडगाव भागात राहतो, आणि जे वाचले व घरात पाहिले त्यावरून हे उत्तर लिहीत आहे. माझ्या मते भीती सगळीकडे जवळपास सारखीच होती. दुःखाचे रूप मात्र ज्या समाजाचा जो आधार तुटला त्याप्रमाणे बदलले.

आधी जगाचा हिशेब. पहिल्याच वर्षात चिंताविकार आणि नैराश्य यांचे जगातील प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या २०४ देश व प्रदेशांच्या अभ्यासाने २०२० साली नैराश्याचे ५ कोटी ३२ लाख आणि चिंताविकाराचे ७ कोटी ६२ लाख जादा रुग्ण धरले होते. स्त्रियांना झळ पुरुषांपेक्षा अधिक लागली आणि, अनेकांना वाटते त्याच्या उलट, तरुणांना वृद्धांपेक्षा अधिक. जिथे साथ जोरात होती आणि माणसांचे हिंडणेफिरणे फार थांबले, तिथे वाढही मोठी होती.

आत्महत्यांच्या बाबतीत देशादेशांत फरक दिसतो. २१ देशांच्या आकडेवारीत पहिल्या काही महिन्यांत बहुतेक ठिकाणी त्या वाढल्या नव्हत्या. जपानात मात्र २०२० मध्ये अकरा वर्षांत प्रथमच वाढल्या, विशेषतः स्त्रियांच्या, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारने एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला. भारतात २०१९ मध्ये १,३९,१२३ आणि २०२० मध्ये १,५३,०५२ आत्महत्यांची नोंद झाली, आणि या दुसऱ्या आकड्यातला जवळजवळ चौथा हिस्सा रोजंदारीवरच्या माणसांचा होता. सगळी वाढ साथीच्या खाती मांडता येणार नाही. परंतु आमच्या गल्लीतले माग बंद पडले, तेव्हा ज्या खडखडाटाबद्दल आम्ही आयुष्यभर कुरकुर केली तो थांबल्यामुळेच रात्री डोळा लागत नाही, असे सांगणारे विणकर मला भेटले आहेत.

आमच्या सीमाभागात तुटलेला आधार होता तो येण्याजाण्याचा. चंदगड तालुका महाराष्ट्रात असला तरी त्याचा बाजार, दवाखाना आणि सोयरीक बेळगावशीच आहे. शिनोळीला राज्य बदलते हे एरवी पाटी वाचल्याशिवाय कुणाच्या ध्यानातही येत नाही. २०२० च्या मे महिन्यात चंदगडकडचे माझे मामा हृदयविकाराने वारले, तेव्हा ती हद्द बंद होती. आईने देव्हाऱ्यासमोर तांब्याला मोबाईल टेकवून ठेवला आणि मामेभावाने दाखवले तेवढे पाहिले. तिरडी उचलताना रेंज गेली. चित्र थिजले, आणि ती कितीतरी वेळ त्या थिजलेल्या चित्राकडे पाहत बसली. मग काही न बोलता उठून डोक्यावरून आंघोळ करून आली. तिला मातीला जाता आले नाही, तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनालाही नाही. शेजारच्या बायकासुद्धा उंबऱ्याबाहेरूनच दोन शब्द बोलून गेल्या, आणि त्यांना तरी दोष कसा द्यावा!

आपल्याकडच्या या चालीरीतींना मी पूर्वी निव्वळ उपचार समजत असे. गळ्यात पडून रडणे, सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी भाकरी-पिठले पोहोचवणे, बाराव्यापर्यंत घरात माणसांचा राबता असणे, यांतून माणूस गेल्याचे मनाला हळूहळू पटत असते. ते सगळेच वगळले गेल्यावर आई कित्येक महिने मामांबद्दल वर्तमानकाळात बोलत राहिली: ‘दादा असं खात नाही,’ ‘दादाला विचारायला हवं.’ लांबलेला शोक हा स्वतंत्र विकार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात नोंदला आहे आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत धरली आहे. आईला तो विकार होता असे मी म्हणणार नाही; ते ठरवणे डॉक्टरांचे काम. आपल्या घरात असे कुणी असल्यास १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही मनाच्या आजारांसाठी फोनवरून सल्ला देणारी सरकारी मोफत सेवा आहे. आम्हाला तेव्हा तीही नव्हती.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला आईने नेहमीप्रमाणे ताट तयार केले. हद्द तोवर खुली झाली होती, त्यामुळे ती चंदगडची गाडी धरते की काय अशी मला धास्ती वाटली. संध्याकाळी ती ताट घेऊन गच्चीवर गेली आणि भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसे तिने चंद्राला ओवाळले. मामांसाठी ती मोठ्याने रडली ती त्या दिवशी, सहा महिन्यांनी.