मेळघाटाची पहिली भटकंती आखताना

पायी मेळघाट पाहण्याचा आपला बेत उत्तम आहे. फक्त सिपना, खापरा, गडगा या नद्या आणि वैराट डोंगराचा माथा हे सारे पहिल्याच खेपेत उरकण्याचा मोह टाळावा. नवखे लोक अंतर किलोमीटरांत मोजतात, घाटात ते तासांत मोजावे लागते. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत जाण्यासाठी वन विभागाची परवानगी आधीच घ्यावी आणि अंधारापूर्वी मुक्काम गाठावा.

सर्वांत जपायचे ते नदीला: वर डोंगरात सर कोसळली की आपल्या डोक्यावर ऊन असतानाही पाणी चढते, म्हणून ते गढूळ होऊन काटक्या-पालापाचोळा वाहू लागताच, पलीकडचा काठ कितीही जवळ दिसो, पात्रात उतरू नये. सोबत गावातला कोरकू आदिवासी वाटाड्या असावा, कारण आत अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. बूट मात्र कोरे नकोत. तंबू-दोरांचे पुढे पाहू.