वैनगंगेकाठचे प्रशस्त जुने घर विकत घेताना काय पाहावे?

भंडारा जिल्ह्यातील पवनीच्या नदीकडील वस्तीत माडी, ओसरी, विहीर आणि मोठी सांदवाडी, म्हणजे घरामागची मोकळी जागा, असलेले जुने घर विक्रीस आहे, किंमत आवाक्यातली आहे, तेव्हा आई-वडील, भाऊ आणि मुले अशा एकत्र कुटुंबासाठी ते घ्यावे काय, असे आपण विचारले आहे. मी याच नदीच्या काठी राहतो आणि अशी घरे रिकामी पडलेली पाहून मला मनापासून वाईट वाटते, म्हणून ती राहत्या कुटुंबाकडे जावीत अशीच माझी इच्छा आहे. परंतु घराचे जोते पुराच्या पाण्यापेक्षा किती उंच आहे, हे समजल्याखेरीज ती किंमत स्वस्त की महाग हे ठरवता येणार नाही.

पवनी गोसेखुर्द धरणाच्या खालच्या बाजूस आहे. त्यामुळे येथील पूर केवळ आपल्या गावच्या पावसावर अवलंबून नसतो. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून सोडलेले पाणी आणि वरचा पाऊस एकत्र आला, धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि खाली ब्रह्मपुरी तालुक्यापर्यंतची गावे पाण्याखाली गेली. म्हणून विक्रेत्यास पहिला प्रश्न हाच विचारा की, त्या वर्षी पाणी कोठपर्यंत आले होते. उत्तर मिळाले तरी शेजारच्या दोन-तीन घरी, विशेषतः वयस्क बायकांना, तेच पुन्हा विचारा, कारण घर आवरून धान्य माडीवर चढवण्याचे काम त्यांनीच केलेले असते. पुरानंतर तलाठी बाधित घरांचे पंचनामे करतात. त्या यादीत हे घर होते काय, हेही विचारून घ्यावे. जेथे जलसंपदा विभागाने पूररेषा आखल्या आहेत तेथे निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणारा पूर दाखवते. घर निळ्या रेषेच्या आत असेल, तर पुढे सांदवाडीत दोन खोल्या वाढवण्याचा आपला विचार परवानगीअभावी अडेल.

नवा चुना पाहून समाधान मानू नका. कोठीची आतली भिंत, दारांची मागची बाजू आणि लाकडी खांबांचे बुंधे पाहिले म्हणजे पाणी किती चढले होते ते कळते. सागवानी खांब पुरातही टिकून राहतात, पण मातीत बांधलेल्या भिंती पाण्यात मुरतात आणि पुष्कळदा पूर ओसरल्यावर, आतून मऊ झाल्यामुळे, बसतात. घराखाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. म्हणून शक्य असल्यास एप्रिल-मे महिन्यात दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या गेलेल्या भेगा पाहाव्यात. छपराची कवेलू बदलणे खर्चाचे असले तरी सोपे आहे, पायाचे तसे नाही.

कागदपत्रांत एक गैरसमज फार आढळतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा नगर परिषदेची कर पावती ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. घर गावठाणात किंवा नगराच्या हद्दीत असल्यास भूमी अभिलेख कार्यालयातील मिळकत पत्रिका पाहावी आणि दुय्यम निबंधकाकडे मागील ३० वर्षांचा शोध वकिलामार्फत घ्यावा. मोठ्या वाड्यांच्या बाबतीत आजोबांचे नाव तसेच राहिलेले असते आणि घर दाखवायला मात्र एकच भाऊ येतो. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलींनाही मुलांइतकाच हक्क आहे, तेव्हा नागपूर-पुण्याकडे दिलेल्या बहिणींचीही विक्रीखतावर सही हवी, किंवा त्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे. साध्या कागदावरील संमतीवर विसंबू नये.

हे सर्व पाहून होईपर्यंत इसार देऊ नका. विक्रेता घाई करत असला, तरी येता पावसाळा संपेपर्यंत थांबण्याची तयारी त्यास सांगा आणि एकदा धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की स्वतः जाऊन, सुरक्षित अंतरावरून, पाणी कोणत्या गल्लीपर्यंत येते ते पाहा. घर खरोखर उंचावर निघाले आणि सगळे वारस सहीस तयार असले, तर सांगितलेली किंमत थोडी अधिक वाटली तरी ते घर सोडू नये, असे माझे मत आहे.