द्राक्ष छाटणीला जाणाऱ्या आईचा हात यंदा बधिर पडू नये म्हणून काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की आई दरवर्षी सुरगाण्याहून टोळीबरोबर दिंडोरी-निफाडकडे छाटणीला जाते. गेल्या हंगामात तिचा उजवा हात रात्री बधिर पडायचा, मुंग्यांनी झोपमोड व्हायची. आता बरं आहे, पण पुन्हा तसं होऊ नये म्हणून काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय. मी चौदा हंगाम छाटणी केली, शेवटचे पाच स्वतःची टोळी घेऊन. माझ्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हाताला पडणारं काम बघा. 9 बाय 5 फुटांची लागवड असेल तर एकरात साधारण 970 झाडं बसतात. ऑक्टोबर छाटणीला एका झाडावर 30 ते 35 काड्या धरल्या तर एका एकरात 30 हजारांच्या आसपास काप. दहा जणांची टोळी असेल तर माणशी तीन हजार. काम उक्तं असतं, त्यामुळे एक बाग संपली की दुपारी दुसरी धरतात. तेवढ्या वेळा मूठ आवळायची, सोडायची, तीही हात मांडवाला वर करून. ज्या टोळ्या आधी सटाण्याकडच्या अर्ली, म्हणजे लवकर छाटायच्या बागा करून येतात, त्यांचे हात ऑक्टोबरपर्यंत आधीच थकलेले असतात.

म्हणून माझं पहिलं उत्तर कात्रीचं आहे, औषधाचं नाही. बोथट कात्रीने काडी कापली जात नाही, चेंगरली जाते, आणि ते चेंगरायचं बळ मनगटातून जाणाऱ्या शिरांवर येतं. एकदा कापताना हे कळत नाही, तीन हजारदा कापल्यावर रात्री कळतं. आमच्या टोळीत नियम होता: सकाळी, जेवणाच्या सुट्टीत आणि दुपारच्या चहाला कात्री पुसायची, चिकट रस काढायचा, बारीक दगडाचे चार-पाच हात मारायचे आणि सांध्यात एक थेंब तेल. धार पात्याच्या उताराच्या बाजूलाच लावायची. सपाट बाजूची नुसती कडेला आलेली लव काढायची, नाहीतर पातं दुसऱ्या पात्याला नीट घासत नाही. मधला नट फार आवळला तर नुसती कात्री मिटायलाच जोर लागतो, सैल ठेवला तर काडी दोन पात्यांत अडकते. काडी घेताना ती टोकाशी न धरता पात्याच्या मुळाशी, सांध्याजवळ घ्यायची, आणि डाव्या हाताने थोडी वाकवून ताणायची. तेवढ्याने जोर बराच कमी लागतो. जुनं जाड लाकूड आलं की कात्री तिथेच थांबवायची. त्याला करवत.

आईच्या हाताचं माप जरूर बघा. बायकांच्या हातात बहुतेकदा पुरुषांच्या मापाची कात्री दिलेली असते. दांडे इतके फाकतात की बोटांची टोकंच पोचतात, आणि सगळा भार त्या टोकांवर येतो. लहान हाताची कात्री बाजारात मिळते. स्विस फेल्कोमध्ये 6 नंबर लहान हातासाठी आहे, आणि लहान हाताच्याच 12 नंबरला खालचा दांडा मुठीत फिरतो, त्यामुळे बोटं घासत नाहीत. महाग आहेत, हे मला माहीत आहे. पण त्यांची पाती आणि स्प्रिंग वेगळी मिळतात, दरवर्षी नवी कात्री घ्यावी लागत नाही. बॅटरीवरची कात्री बागायतदाराकडे असेल तर जाड काड्यांच्या ओळी त्याच कात्रीने काढा, फक्त डावा हात पात्यापासून लांब ठेवा. तिला बोट आणि काडी यातला फरक कळत नाही.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची, आणि मुकादमाशी बोलायचं ते इथेच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच माणसाने कात्री चालवायची गरज नसते. आम्ही दोन ओळी छाटून तिसऱ्या ओळीला कात्री दुसऱ्याकडे द्यायचो आणि आपण तोडलेल्या काड्या ओढायचो. आधी सगळे कुरकुरले की एकर उरकणार नाही. आठवड्याने दिसलं की दुपारनंतर हात चालू राहिल्याने काम तेवढंच होतं. पेस्टिंगलाही, म्हणजे छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावायच्या कामालाही, बदली करता येते, पण त्याला रबरी हातमोजे हवेतच, आणि त्या दिवशी व पुढचे काही दिवस दारूला कोणी हात लावायचा नाही. ते रसायन आणि दारू मिळून माणसाला खरोखर धोका होतो. मांडव उंच पडत असेल तर पायाखाली क्रेट घ्या, म्हणजे कोपर खांद्याच्या वर जाणार नाही. हंगामाचे पहिले तीन दिवस अर्धाच वेळ कात्री धरा. महिनोन्महिने आराम केलेल्या हाताला पहिल्याच दिवशी तीन हजार काप सोसत नाहीत.

आणि एक गोष्ट, जी आम्ही पुरुष टोळीत कधी मोजली नाही. संध्याकाळी आमचे हात थांबायचे, बायकांचे नाही. मुक्कामावर जाऊन भाकरी थापायची, हंडा उचलायचा, धुणं पिळायचं. पिळण्यात मनगट जेवढं वळतं तेवढं छाटणीतही वळत नाही. हंगामापुरतं धुणं पिळायचं काम दुसऱ्या कोणी घ्यावं. मला वाटतं हे मलमापेक्षा जास्त कामी येईल.

आता माझी चूक. मला अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या यायच्या, रात्री उठून हात झटकला की बरं वाटायचं. मी दोन हंगाम जवळच्या एका दवाखान्यात दुखण्याचं इंजेक्शन घेऊन दुसऱ्या दिवशी बागेत जायचो. दुखणं दबलं, पण शीर दाबली जातच राहिली. शेवटी अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट व्हायला लागला, शर्टाचं बटण लागेना, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितलं की याला कार्पल टनेल म्हणतात. मुंग्या होत्या तेव्हाच आलो असतो तर रात्री मनगट सरळ ठेवणाऱ्या पट्ट्यावर आणि कामाच्या बदलावर कदाचित भागलं असतं. गेलेलं बळ पूर्ण परत आलं नाही.

आईच्या मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांना होत्या, विचारा. करंगळीला नसून अंगठ्याकडच्या बोटांना असतील, तर आता आराम असला तरी हंगामाआधी एकदा सरकारी रुग्णालयात दाखवून घ्या, सोबत साखर आणि थायरॉईड तपासा. त्या दोन्हींमुळे हा त्रास लवकर होतो. बोट वाकून अडकत असेल आणि टक् करून सुटत असेल, किंवा कोपराच्या बाहेरच्या बाजूला हंडा उचलताना कळ येत असेल, तर ती वेगळी दुखणी आहेत, तीही डॉक्टरांना सांगा. मनगटाला घट्ट दोरा किंवा पट्टी बांधून छाटणी करू देऊ नका, आतली जागा आणखी आवळते.

आईच्या कात्रीचे दांडे पूर्ण उघडल्यावर तिची बोटं त्यांना कुठवर पुरतात, तेवढं बघून इथेच लिहा. कुठलं माप घ्यायचं ते सांगतो.