वाचकांचे प्रश्न : इन-इअर हेडफोनची पारख

प्रश्न : मी पंचवटी एक्सप्रेसच्या पासावर आठवड्यातून पाच दिवस मुंबईला जा-ये करतो. चाळीस हजारांपर्यंतचे वायरचे इन-इअर हेडफोन घ्यावेत, असा विचार आहे. मुंबईच्या एका दुकानात दोन जोड्या ऐकल्या. जिची सगळीकडे स्तुती वाचली होती, तिच्यात बेस जवळजवळ नव्हताच आणि आवाज पत्र्यासारखा वाटला. तिच्या निम्म्या किमतीची दुसरी जोडी मात्र भरदार वाजली. माझे कान कच्चे आहेत, की स्तुती करणारे चुकतात?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : आपले कान कच्चे आहेत असे मानण्याचे कारण नाही, आणि स्तुती करणारे चुकतात असेही एवढ्यावरून म्हणता येणार नाही. आपल्या पत्रात किंमत आहे, तुलना आहे. टिपांचा, म्हणजे पुढच्या सिलिकॉनच्या किंवा फोमच्या टोप्यांचा, उल्लेख मात्र कोठेही नाही. इन-इअर हेडफोनमधला ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, अगदी लहान असतो आणि कानाच्या नळीत कोंडलेली थोडीशी हवा हलवून तो खालचे स्वर ऐकवतो. टिप आणि नळीची भिंत यांच्यात बारीकशी फट राहिली, तरी ती हवा कोंडलेली राहत नाही. बेस त्या फटीतून निघून जातो, वरचे स्वर जवळजवळ जसेच्या तसे राहतात आणि आवाज पातळ होतो. आपले वर्णन या गळतीशी तंतोतंत जुळते. स्वस्त जोडीची टिप आपल्या कानाला योगायोगाने बसली असावी, असा माझा अंदाज आहे.

पुन्हा दुकानात जाल, तेव्हा घाई करू नये. एका हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढून धरावी, म्हणजे नागमोडी नळी थोडी सरळ होते, आणि दुसऱ्या हाताने इअरपीस किंचित फिरवत आत सरकवावा. फोमची टिप असेल, तर ती बोटांत दाबून बारीक करावी आणि आत घातल्यावर फुगेपर्यंत धरून ठेवावी. मग काहीही न वाजवता तोंड मिटून हुंकार धरावा. दोन्ही कान नीट बंद झाले असतील, तर तो हुंकार डोक्याच्या मधोमध घुमतो. एका बाजूला झुकला, तर ती बाजू बंद झाली आहे आणि दुसरी गळते आहे, असे समजावे. त्यानंतर फोनवर ५० हर्ट्झचा सलग स्वर लावून दोन्ही इअरपीस बोटाने हलकेच आत दाबावेत. दाबल्यावर स्वर वाढला, तर टिप लहान पडते आहे. डाव्या-उजव्या कानाच्या नळ्या सारख्या असतातच असे नाही, त्यामुळे एका बाजूला मध्यम आणि दुसऱ्या बाजूला मोठी टिप लावण्यात काहीही गैर नाही. दुकानातल्या टिपा दिवसभरात किती कानांतून फिरतात हे लक्षात घेता आपल्या दोन-तीन मापांच्या टिपा खिशात नेणे स्वच्छतेच्या दृष्टीनेही बरे.

टिप बसली, की दुसरा सापळा आवाजाच्या पातळीचा. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते, की आवाज हळू असताना आपल्या कानाला बेस कमी जाणवतो आणि पातळी वाढली की तो भराभर वाढल्यासारखा वाटतो. प्रत्येक हेडफोनची संवेदनशीलता वेगळी असल्यामुळे फोनवर व्हॉल्यूमचा आकडा तोच ठेवला, तरी एक जोडी मोठ्याने वाजते, आणि मोठ्याने वाजणारी जोडी नेहमीच अधिक चांगली वाटते. तेव्हा एखादा एकट्या गळ्याचा तुकडा लावून दोन्ही जोड्यांचा आवाज आधी कानाला सारखा वाटेपर्यंत जुळवून घ्यावा आणि मगच तुलना करावी. एवढे केल्याशिवाय दिलेल्या कोणत्याही मताला, मग ते विक्रेत्याचे असो की परीक्षणे लिहिणाऱ्याचे, मी फारशी किंमत देत नाही.

ऐकायला काय घ्यावे, असाही प्रश्न पडेल. अनेकजण मिरवणुकीत मोबाइलवर टिपलेला नाशिक ढोल लावून बेस तपासतात. ढोल अस्सल असतो, पण फोनचा माइक मोठा आवाज आला की आपोआप पातळी दाबतो, त्यामुळे त्या ध्वनिमुद्रणात ढोलाचा ठोका आधीच चपटा झालेला असतो आणि हेडफोनला त्याचा दोष देता येत नाही. त्यापेक्षा चांगल्या मुद्रणातला तबला घ्यावा. डग्ग्यावर मनगट दाबून काढलेला घुमारा खालून वर चढताना सलग ऐकू आला पाहिजे. मध्येच एखादा स्वर फुगला किंवा गडप झाला, तर बेसचा समतोल बिघडलेला आहे. शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या भागाच्या, काठावरचा ‘तिं’ आणि चाटेवरचा, म्हणजे अगदी कडेचा, ‘ना’ वेगळे ओळखता आले पाहिजेत. याशिवाय एखादे जुने मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच ध्वनी देणारे, गाणे जरूर लावावे. त्यात गायक नाकासमोर उभा असल्यासारखा मधोमध ऐकू येतो. तो बाजूला सरकला, तर एक टिप सैल आहे किंवा दोन ड्रायव्हर जुळलेले नाहीत.

आता गाडीविषयी. ही सर्व परीक्षा शांत खोलीतली आहे, आणि आपण हेडफोन वापरणार आहात धावत्या डब्यात. चाकांची घरघर मुख्यतः खालच्या पट्टीत असते आणि नेमका बेसच झाकून टाकते. टिप कितीही चांगली बसली, तरी तिचा अडसर वरच्या स्वरांना जेवढा होतो, तेवढा या घरघरीला होत नाही. सक्रिय नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे उलटा ध्वनी काढून बाहेरचा गोंगाट मिटवणारी सोय, मात्र याच खालच्या पट्टीत सर्वांत प्रभावी असते. साध्या वायरच्या जोडीत आपण साहजिकच आवाज वाढवत नेणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये आणि दर ३ डेसिबल वाढीमागे ही मुदत निम्मी होते, म्हणजे ८३ ला २० तास आणि ८६ ला अवघे १०. आपला जाण्या-येण्याचा रोजचा वेळ साधारण सात तासांचा धरला, तर आठवड्याचा हिशेब पस्तीस तासांच्या आसपास जातो. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की प्रवासासाठी नॉइज कॅन्सलेशनची बेताच्या किमतीची वायरलेस जोडी घ्यावी. चाळीस हजार खर्च करायचेच असतील, तर ते घरी ऐकण्यासाठी करावेत.

प्रश्न : मी शास्त्रीय गायन शिकते. रियाजासाठी कानात तानपुरा लावून गाते, परंतु अर्ध्या तासात उजवा कान दुखू लागतो आणि वरच्या पट्टीत गाताना तानपुरा मध्येच पातळ होतो. अधिक महागडे हेडफोन घेतल्यास फरक पडेल का?
— एक वाचिका, पंचवटी

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारी टिपेच्याच आहेत, असे मला वाटते. तोंड मोठे उघडले, की जबड्याचा सांधा कानाच्या नळीच्या पुढच्या भिंतीशी हलतो आणि नळीचा आकार बदलतो. एरवी बसलेली टिप तारसप्तकात ‘आ’कार लावताना सुटते, आणि खर्जाची तार आधी नाहीशी होते. कानावर बोट ठेवून जबडा उघडझाप केल्यास ही हालचाल बोटाला सहज जाणवेल.

दुखण्याची जागा मात्र नीट शोधावी लागेल. नळीच्या आत दुखत असेल, तर टिप मोठी आहे किंवा फार खोल जाते. नळीचा आतला भाग हाडाचा असून त्यावरची त्वचा अतिशय पातळ असते, तेथे दाब सहन होत नाही. बाहेर, पाळीच्या खोलगट भागात दुखत असेल, तर टिपेचा दोष नाही, इअरपीसचे कवच मोठे आहे, आणि त्याला टिप बदलून इलाज नाही. अनेक ड्रायव्हर कोंबलेल्या महागड्या जोड्यांची कवचे हमखास जाड असतात व टिप जिच्यावर बसते ती पुढची नळीही रुंद असते, त्यामुळे लहान कानांच्या व्यक्तींना किंमत वाढेल तसा त्रासही वाढू शकतो. दुकानात पाच मिनिटांत हे कळत नाही. परत करण्याची सोय असलेल्या ठिकाणीच खरेदी करून घरी पाऊण तास, हसत-बोलत आणि गात, जोडी घालून पाहावी.

आपल्या गरजेला कानाच्या साच्यावरून बनवलेली जोडी उत्तम, आणि श्रवणतज्ज्ञाकडे असा साचा घेता येतो. साचा घेताना आपण गायिका आहात हे अवश्य सांगावे, म्हणजे तोंड उघडे ठेवून तो घेतला जाईल. मिटलेल्या तोंडाने घेतलेला साचा गाताना सुटतो.

तानपुरा ही पारखीला फार चांगली गोष्ट आहे. पंचम, जोडीच्या दोन तारा आणि खर्ज या सुट्या कळाव्यात, तरीही एकमेकींत मिसळाव्यात. वरच्या स्वरांत अकारण उठाव असेल, तर जवारी, म्हणजे तारांची गुंजणारी झणक, झणझणीत, धातूसारखी होते आणि तासाभरात कान शिणतात. वरचे स्वर दबलेले असतील, तर खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार पुसट होऊ शकतो. हे मुद्दाम नमूद करतो, कारण गुळगुळीत वाजणारी जोडी दुकानात चटकन आवडते आणि तिच्यातला गंधार हरवल्याचे घरी आल्यावर लक्षात येते.

एक सूचना मात्र हेडफोनच्या विरोधात जाणारी आहे. दोन्ही कान बंद करून गाताना आपलाच आवाज हाडांमधून येऊन आत घुमतो आणि मूळच्यापेक्षा भरदार वाटतो. अशा आवाजावर विसंबून सूर-लगाव घडवणे योग्य नाही. सकाळचा मुख्य रियाज लहान स्पीकरवर करावा आणि हेडफोन ऐकण्यासाठी, पाठांतरासाठी किंवा घरातल्यांची झोपमोड होऊ नये म्हणून ठेवावेत. पावसाळ्यात ओलसर कानात टिपा तासन् तास ठेवल्यास बुरशीचा त्रास होऊ शकतो. टिपा काढून कोमट साबणपाण्याने धुवाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच लावाव्यात. फोमच्या टिपा अशा टिकत नाहीत, त्या बदलाव्याच लागतात.

प्रश्न : कोणता स्वर किती मोठा वाजतो, हे दाखवणाऱ्या हेडफोनच्या आलेखात ३,००० हर्ट्झजवळ मोठा उंचवटा दिसतो. सपाट आलेख चांगला ना? तसेच नवी जोडी शंभर तास ‘बर्न-इन’ करावी, म्हणजे नुसती वाजत ठेवावी, महागडी केबल लावावी, असे सांगतात, ते खरे का?
— एक अभियंता वाचक, अंबड

उत्तर : उघड्या कानाची साधारण अडीच सेंटिमीटर लांबीची नळी नैसर्गिकरीत्या ३,००० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि मेंदूला तोच आवाज सवयीचा असतो. टिपेने नळीचे तोंड बंद केले, की हा घुमारा जातो, म्हणून निर्माता तो आपल्याकडून भरून देतो. आलेख सपाट असेल, तर गळा मागे गेल्यासारखा वाटेल. हारमन या कंपनीच्या संशोधकांनी श्रोत्यांची पसंती घेऊन जो आदर्श आलेख सुचवला, त्यातही हा उंचवटा आहे. मात्र मोजणीसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रचलित कृत्रिम कानाचा स्वतःचाच एक घुमारा सुमारे ८,००० हर्ट्झला येतो, त्यामुळे त्यापुढच्या रेषांवर वाद घालू नये.

बर्न-इनमध्ये जोडीपेक्षा ऐकणाऱ्याचे कान अधिक बदलतात. केबल मऊ असावी आणि कपड्याला घासल्यावर कानात खरखर करू नये, एवढे पुरे. ती कानामागून वळवून घातल्यास खरखर बरीच कमी होते. ड्रायव्हरची संख्या हा दर्जाचा पुरावा नव्हे. एक महत्त्वाची बाब मात्र आपल्यासारख्या तांत्रिक वाचकाने पाहावी : बॅलन्स्ड आर्मेचर या प्रकारच्या ड्रायव्हरच्या जोडीची इम्पिडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, स्वरानुसार खूप बदलते, म्हणून ज्या उपकरणाला ती जोडायची, त्याची आउटपुट इम्पिडन्स जोडीच्या इम्पिडन्सच्या एक-अष्टमांशाहून कमी असावी. तसे नसेल, तर तीच जोडी दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वाजते.

प्रश्न : माझे वय ६८. वरचे स्वर आता कमी ऐकू येतात. मुलगा उंची हेडफोन भेट देऊ पाहतो. तो खर्च वाया जाईल का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : वाया जाणार नाही. वयानुसार श्रवणाची वरची मर्यादा २०,००० हर्ट्झवरून पुष्कळ खाली येते, परंतु गाण्याचा गाभा ४,००० हर्ट्झच्या आत असतो आणि चांगल्या जोडीचा फायदा त्या टापूतही कळतो. खरेदीआधी श्रवणतज्ज्ञाकडून ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणाचा आलेख, काढून घ्यावा. त्यात नेहमी २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंतची तपासणी होते. उतार बेताचा असेल, तर फोनवरच्या इक्वलायझरने वरचे स्वर हलकेच उचलून घ्यावेत, सगळा आवाज वाढवू नये. एकाच कानाने कमी ऐकू येत असेल किंवा कानात सतत गुणगुण होत असेल, तर हेडफोनचा विचार बाजूला ठेवून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. श्रवणयंत्र वापरत असाल, तर इन-इअर जोडी त्याबरोबर घालता येणार नाही. मुलाला कानावरून पूर्ण झाकणारे मोठे हेडफोन आणायला सांगावे आणि ते यंत्रासह घातल्यावर शिटी वाजत नाही ना, हे दुकानातच पाहून घ्यावे.